उंदीर पडू लागतात तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी भेगाळलेली घरे सोडली आणि बंद घरांतील धान्यावर उंदीर पोसले गेले. लोक परतल्यावर, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, पिसवांचा उपद्रव असह्य झाला आणि पाठोपाठ काखेत व जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असून उंदीर मेला की त्याच्या अंगावरील भुकेली पिसू माणसाकडे वळते. म्हणूनच जुन्या पिढ्या उंदीर पडू लागले की साथीची वर्दी मिळाली असे समजून गाव सोडत आणि रानात झोपड्या घालून राहत. १९६६ नंतर भारतात माणसांतील प्लेगची नोंदच नसल्याने ही जाण जशी गावातून पुसट झाली, तशी ती आरोग्ययंत्रणेतूनही ओसरली होती.

१९९४ च्याच सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग, म्हणजे खोकल्याच्या तुषारांतून पसरणारा प्रकार, उद्भवला. दोन्ही उद्रेकांतील थेट दुवा सिद्ध झालेला नाही. परंतु निदानाविषयीच वाद चालू राहिल्याने आणि अनेक खासगी दवाखाने बंद झाल्याने लाखो लोक शहर सोडून गेले, टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले आणि अनेक परदेशी विमानसेवा थांबल्या. देशभरातील नोंद ८७६ संशयित रुग्ण व ५४ मृत्यू एवढीच होती. घबराटीने झालेली हानी त्याहून कितीतरी व्यापक ठरली, आणि हे फार खेदजनक आहे, कारण वेळीच दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो.

२००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने, म्हणजे गावपातळीपासून रोगांच्या नियमित नोंदी गोळा करण्याच्या व्यवस्थेने, साथीची वेळीच वर्दी न मिळण्याची ही उणीव काही अंशी भरून काढली. तरीही अशी व्यवस्था खरी टिकते ती शांत वर्षांत: ‘या आठवड्यात काही आढळले नाही’ हा शून्य अहवालही प्राथमिक आरोग्य केंद्रातून न चुकता गेला पाहिजे, खासगी डॉक्टर त्यात सामील असले पाहिजेत आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतील पद रिकामे राहता कामा नये. प्लेगच्या बाबतीत क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कीटकनाशकाने पिसवा माराव्यात व नंतर उंदीर, अन्यथा मेलेल्या उंदरांवरील पिसवा थेट घरातल्या माणसांवर येतात. भूकंप किंवा पूर यांनंतरच्या पुनर्वसन आराखड्यात घरांच्या भिंतींइतकेच धान्याच्या कणग्यांकडेही लक्ष असावे, आणि त्या कोणी, किती दिवसांनी तपासायच्या हे त्यात नेमकेपणाने लिहिलेले असावे.