बाभळीचे बी का रुजत नाही?

आपण बांधावर बाभळीचे बी टाकतो. पाऊस पडतो, गवत वर येते, पण बी तसेच पडून राहते. पावसाळा जातो आणि बांध उघडाच राहतो. आपण म्हणतो, बी पोचट असेल. पोचट नसते ते! त्याची साल फार टणक असते. तिच्यातून पाणी आत शिरत नाही. मग मोड कसा येणार?

शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात. पोटातून जाताना बियांची साल मऊ पडते. म्हणून शेळ्यांच्या वाड्यातले बी चांगले रुजते. ते वेचून आणावे. आम्हांला तेच सर्वांत सोपे वाटते.

शेळ्या नसतील तर पाणी उकळावे. भांडे खाली उतरवावे, मग त्यात बी टाकावे. चुलीवर बी शिजवायचे नाही, बरं का! पाणी आपोआप निवू द्यावे. बी रात्रभर त्यातच ठेवावे. सकाळी फुगलेले बी लगेच पेरावे.

बहाव्याचे बी याहून हट्टी. ते खरबरीत दगडावर घासावे. एका बाजूची साल झिजली की पुरे. आतल्या डाळीला धक्का लावू नये. मग रात्रभर गार पाण्यात भिजवावे.

कडुनिंबाच्या बियांना मात्र उकळते पाणी लावू नका. ते बी नाजूक, मरून जाते. पिकलेल्या लिंबोळ्यांचा गर धुऊन काढावा, बी सावलीत सुकवावे आणि २-३ आठवड्यांत पेरावे. पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवले, तर बहुतेक बी उगवायचे नाही.