ग्रीन कार्ड ‘असू दे हाताशी’ म्हणून घेऊ नका

प्रश्न : मी 68 वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. पत्नी 64 वर्षांची. तासगावजवळ दीड एकर द्राक्षबाग आहे, ती सध्या मोठे बंधू बघतात. सांगलीत स्वतःचा फ्लॅट आहे. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या वर्षी त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि आता तो आम्हा दोघांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा म्हणतो. सून बाळंत व्हायची आहे. अर्जाला कोणती कागदपत्रे लागतील, फी किती? सहा महिन्यांतून एकदा जाऊन आले की कार्ड चालू राहते असे ओळखीचे लोक सांगतात, ते बरोबर ना? म्हणजे बागेकडे आणि बंधूंकडेही लक्ष राहील. फ्लॅट आताच विकावा का? व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथूनच अर्ज केला तर काम लवकर होते, असेही कळले. नाही म्हटले तर मुलगा नाराज होईल. मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बाग दोनदा आली आहे, बंधू दोनदा आले आहेत. ‘आम्हाला तिकडे राहायला जायचे आहे’ हे वाक्य मात्र एकदाही नाही, आणि पत्नीला काय वाटते तेही नाही. कागदपत्रांच्या आधी एकच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा होता : वर्षातले किती महिने आम्हाला खरोखर अमेरिकेत राहायचे आहे?

कारण ग्रीन कार्ड म्हणजे ये-जा करण्याचा पास नव्हे. अमेरिका हेच आपले घर आणि भारतात जातो ते काही दिवसांपुरते, असे मान्य करून घेतलेला तो कायम वास्तव्याचा परवाना आहे. तुमच्या मनात नेमके याच्या उलट आहे.

सहा महिन्यांचा जो नियम तुम्हाला सांगितला गेला, तो अर्धवट आहे आणि त्याच अर्धवट माहितीने मी अनेक घरे अडचणीत आलेली पाहिली आहेत. सलग 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते. सलग एक वर्षाहून जास्त राहिलात तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. हे खरे. पण सहा महिन्यांच्या आत एक फेरी मारली की कार्ड सुरक्षित, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. अधिकारी दिवस मोजून थांबत नाही. तुमचे घर कुठे आहे, नवरा-बायकोचा संसार कुठे आहे, कर कुठे भरता, परतीचे तिकीट कधीचे आहे, हे तो विचारतो.

एका जोडप्याची हकिगत सांगतो. त्यांनी सहा वर्षे वर्षातून दोन फेऱ्या केल्या, प्रत्येक फेरी तीन आठवड्यांची. तिकिटांवर पेन्शन गेली, गुडघे गेले. सातव्या वर्षी विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले, तुम्ही राहता कुठे? काकांनी सरळ मनाने सांगितले, पुण्यात. इथे नातवंडांना भेटायला येतो. तासाभराने त्यांच्यापुढे एक फॉर्म आला. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर, काकूंची औषधाची वेळ टळलेली असताना, दोघांनी सह्या केल्या. तो आय-407 होता : मी माझे कायम वास्तव्य स्वखुशीने सोडत आहे. त्या फॉर्मवर सही करण्याची सक्ती नसते, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, आणि ज्यांचे आईवडील आज कार्डावर ये-जा करत आहेत त्या वाचकांनीही ठेवा.

काही काळ भारतात थांबणे भागच असेल, तर जाण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते. भारतात आल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

या सापळ्याची दुसरी बाजू विमानतळावर दिसत नाही, म्हणून ती जास्त महाग पडते. कार्डधारक म्हणून अमेरिकेत पाऊल ठेवले त्या दिवसापासून जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या आयकर विवरणपत्रात दाखवावे लागते, मग तुम्ही वर्षातले अकरा महिने सांगलीत का असेनात. ठेवींचे व्याज दाखवायचे. भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजही. द्राक्षांचे आणि बेदाण्याचे उत्पन्न इथे शेतीचे म्हणून करमुक्त असेल. तिथे ती सवलत नाही. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मिळते, पण जिथे इथे करच भरलेला नाही तिथे वजावट कशाची मिळणार? आपले म्युच्युअल फंड तिथल्या कायद्यात वेगळ्या, जाचक प्रकारात मोडतात. आणि भारतातील सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशी जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी त्या खात्यांची माहिती स्वतंत्रपणे कळवावी लागते. निवृत्त माणसाच्या ठेवी सहज एवढ्या असतात. न कळवल्याचा दंड, चूक अजाणता झाली तरी, एका वर्षाच्या विवरणासाठी 10,000 डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. त्या जोडप्याने सहा वर्षांत एकही विवरणपत्र भरलेले नव्हते. ‘आम्ही कुठे तिथे राहतो?’ हेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्याच वाक्याने त्यांचे कार्डही गेले.

औषधपाण्याचेही ऐका. मेडिकेअर तुम्हाला गेल्या गेल्या मिळणार नाही. तिथे नोकरी न केलेल्या कार्डधारकाला वयाची 65 वर्षे आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाल्यावर हप्ते भरून ती घेता येते. तोवर खासगी विम्याचा भार मुलावर. म्हणून इथली मेडिक्लेम पॉलिसी कोणत्याही परिस्थितीत खंडित होऊ देऊ नका. एकदा तुटली की जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फ्लॅट आता विकू नका. व्हिसा हातात नाही, तिथे एक हिवाळाही काढलेला नाही, आणि परतीचे घर मोडायचे? नाही.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथून अर्ज करण्याचा बेत मनात ठेवून जाणे म्हणजे प्रवेशाच्या वेळी खोटे बोलणे. हा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

फीचे आकडे बदलतात. मुलगा सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहील. नागरिक मुलाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची रांग नाही, मात्र दोघांसाठी दोन स्वतंत्र अर्ज लागतात. आमच्याकडे फायली अडतात त्या वेगळ्याच ठिकाणी. तुमच्या पिढीतल्या अनेकांच्या जन्माची नोंदच नसते. मग ग्रामपंचायतीचा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. शिवाय लग्नात बायकोचे नाव बदलण्याची आपली रीत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरेच, आणि ही तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे कागदाने सिद्ध करावे लागते. पुढेमागे जायचे ठरलेच तर कामाला इथून सुरुवात करा.

आता माझे मत. बागेचा आणि बंधूंचा विचार सुटत नाही तोवर मुलाला अर्ज करू देऊ नका. ‘भरून तर ठेवू’ असेही नको. व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात, तुमच्यासाठी कोणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का, असा थेट प्रश्न असतो. तिथे ‘हो’ लिहावे लागले की साध्या भेटीचा व्हिसाही अवघड होऊ शकतो. म्हणजे बाळंतपणालाच पोचता येणार नाही.

दोघांनी व्हिजिटर व्हिसा काढा. बाळंतपणासाठी जा, विमानतळावर मिळालेली मुदत तारखेसह लिहून ठेवा आणि तिच्या आत परत या. पुढे दरवर्षी 120 दिवसांच्या आत राहिलात तर अमेरिकेचे कर-निवासीही ठरणार नाही. प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांची कलमे वाचून घ्या. एक हिवाळा तिथे काढल्यावर पत्नीला एकांतात विचारा. ती ‘राहू या’ म्हणाली आणि तुम्हालाही तसेच वाटले, तर मुलाचे नागरिकत्व कुठे जात नाही. अर्ज तेव्हाही करता येईल.

मुलगा नाराज होईल ही भीती पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिली आहे, पण सगळे पत्र तिच्यामुळेच लिहिले गेले असावे. हे उत्तर त्याला पाठवा आणि आधी त्याच्याशी फोनवर बोला.