मोरीतलं बेसिन बदलायचंय? आधी भिंत बघा

तायांनो, जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने, असं त्याचं माप. आता बऱ्याच घरांत नळ आलाय, त्यामागे मोरीत बेसिनही आलं. गटाच्या बैठकीत मात्र तक्रार एकच : "ते हालस ना माय!"

हलणारं बेसिन साधी गोष्ट समजू नका. चिनी मातीचं बेसिन फुटलं तर कडा सुरीसारख्या लागतात, आणि त्याला लोंबकळतात ती पोरंच.

खरा दोष बहुतेक वेळा भिंतीचा असतो. आपल्या खान्देशात धाब्याची मातीची घरं आहेत, पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथे स्क्रू कितीही मोठा ठोका, धरत नाही. अमेरिकेत चाकांवरून आणून ठेवतात अशी तयार घरं असतात. त्यांच्याही भिंती पातळ, म्हणून तिथे बेसिन सहसा कपाटावर बसवतात. आपण वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यायचा. वजन जमिनीवर गेलं पाहिजे. भिंतीतला स्क्रू फक्त डुलू नये म्हणून. पक्की विटांची भिंत असेल तर ब्रॅकेट चालतात.

दुकानात जाण्याआधी जुन्या बेसिनची लांबी-रुंदी आणि सांडपाण्याच्या पाइपाची उंची मोजा. मोबाइलवर खालून फोटो काढा. दुकानदार "चालून जाईल" म्हणाला तरी माप दाखवाच.

काढताना अँगल कॉक बंद करा. तो नसेल तर टाकीचा वॉल बंद करा. खाली बादली ठेवा, मग ट्रॅपचा नट सोडा. आत पाणी असतंच. कडेचा पांढरा सिमेंट जुन्या सुरीने कापा. उचलायला दोघी हव्यात, एकटीने नको.

नवीन बसवताना नळ आणि जाळी बेसिन खाली असतानाच लावा. नंतर वाकून, हात घालून फार त्रास होतो. जाळीखालचं रबरी वायसर विसरू नका. टेफ्लॉन टेप आट्यांवर नट फिरतो त्याच दिशेने गुंडाळा, उलट गुंडाळली तर सुटून येते. प्लॅस्टिकचे नट हातानेच आवळा, पान्ह्याने चीर जाते.

आता ट्रॅपचं. काही मिस्त्री पैसे वाचवायला नुसता घड्यांचा पाइप सरळ बाहेर सोडतात. मला हे अजिबात पटत नाही. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम थांबतं, तेच गटारीचा वास आणि झुरळं अडवतं. बॉटल ट्रॅप घेणं जमत नसेल तर निदान त्या पाइपाला खाली वाक देऊन बांधा, म्हणजे वाकात पाणी राहील. आणि महिनाभर मजुरीला गाव सोडून गेलात तर ते पाणी वाळतं. परत आल्यावर वास आला तर आधी तांब्याभर पाणी ओता, मग मिस्त्रीला बोलवा.

बेसिनचं पाणी गल्लीत सोडू नका. शोषखड्डा असेल तर त्यात, नाहीतर परसबागेतल्या केळीला. खड्डा विहीर-हातपंपापासून लांबच हवा.

सगळं झालं की बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, एक थेंबही लगेच दिसतो. भिंतीतला पाइपच फुटला असेल तर मात्र मिस्त्रीच बोलवा. गटातून अंतर्गत कर्ज काढून हे काम करत असाल तर सामानाचं पक्कं बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि आठ दिवसांनी नट पुन्हा एकदा हाताने तपासा.