हिशोब बसवा

त्या बटणावरचे ‘हिशोब बसवा’ हे शब्द माझे होते. २०२० साली लॉकडाऊनमुळे पुण्याची नोकरी घरून चालू होती. रेंज मिळावी म्हणून मी गावी, इस्लापूरच्या घराच्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. लंडनला असलेला माझा एक वर्गमित्र तिथल्या बेटिंग एक्स्चेंजवर क्रिकेटचे सौदे करायचा. तिथे ते कायदेशीर आहे. त्याला एक छोटा प्रोग्राम हवा होता आणि मला पायथनवर हात बसवायचा होता. सप्टेंबरात अबू धाबीत आयपीएल सुरू झाली तेव्हा प्रोग्राम तयार होता. मित्राचं काम झालं आणि मी सगळा कोड मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर ठेवून दिला. कुणालाही फुकट घेता यावा, बदलता यावा, ही भावना मनापासूनची होती. आपण ज्याच्यावर शिकलो ते सगळं कुणीतरी असंच फुकट ठेवलेलं असतं.

तीन वर्षांनी तेच बटण मी आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या मोबाइलवर पाहिलं. निळा आणि गुलाबी रंग तेच, आकड्यांची शिडी तीच, आणि खाली मराठीत ‘हिशोब बसवा’. मी विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, “तुमचंच की दादा. एजंटनं दिलंय. इस्लापूरच्या इंजिनिअरनं बनवलंय म्हणून सांगायला तो सगळ्यांना.”

हे सगळं कसं चालतं ते आधी सांगतो, कारण फसगत तिथेच होते. पूर्वी भाव बुकी ठरवायचा. २००० साली लंडनमध्ये बेटफेअर सुरू झालं आणि लावणारे दोघे एकमेकांसमोर आले. एक म्हणतो हा संघ जिंकेल, दुसरा म्हणतो नाही जिंकणार, आणि कंपनी जिंकणाऱ्याकडून कमिशन घेते. आपल्याकडचे पंटर, म्हणजे सट्टा लावणारे, पहिल्याला लगाई आणि दुसऱ्याला खाई म्हणतात. दोन्ही करता येतं म्हणून त्याला ट्रेडिंग म्हणायची सोय झाली. समजा २.०० च्या भावाने एका संघावर १,००० रुपये लावले. सामना त्या संघाकडे झुकला आणि भाव १.६० वर आला. आता त्याच संघावर १,२५० रुपयांची खाई केली, तर तो जिंको की हरो, २५० रुपये हातात राहतात. हे गणित करून उलटा सौदा टाकायचा, एवढंच माझं बटण करायचं.

गणित बरोबर होतं, अजूनही आहे. पण उलटा सौदा घ्यायला समोर कुणीतरी लागतो. मैदानात बसलेल्याला विकेट आधी दिसते, टीव्हीवर काही सेकंदांनी आणि मोबाइलवर त्याच्याही नंतर. वर सामना चालू असताना टाकलेला सौदा एक्स्चेंज मुद्दाम काही सेकंद थांबवून घेतं. तेवढ्यात भाव हलला की तुमचा सौदा तसाच लटकतो. माझी चूक इथे होती आणि ती मी लपवणार नाही. मागितलेला सौदा आणि मिळालेला सौदा हे दोन्ही मी एकाच हिरव्या रंगात दाखवले होते. लंडनच्या मित्राला फरक माहीत होता, तो शेजारचा रकाना बघायचा. बाकी कुणी बघेल का, हा विचार मी केला नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल होती. ओळीने दहा सामने जिंकून आलेला भारत २४० वर आटोपला, पण ऑस्ट्रेलियाही ३ बाद ४७ झाली. पोराने भारतावर लावलेलं होतं. त्या क्षणी त्याने ‘हिशोब बसवा’ दाबलं. स्क्रीनवर दोन्ही बाजूंना हिरवे आकडे आले. आता काही झालं तरी नफाच, असं समजून त्याने मोबाइल चार्जिंगला लावला आणि बाकीचा सामना पोरांसोबत निवांत पाहिला. ट्रॅव्हिस हेड १३७ करून गेला, भारत हरला, तरी तो एकटाच शांत होता. रात्री त्याने एजंटने दिलेली आयडी, म्हणजे सट्ट्याचं खातं, उघडलं तर उलटा सौदा झालाच नव्हता. उधारीवर घेतलेले सगळे पॉइंट गेले होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे एजंटांच्या हिशेबाचा दिवस. एक लाख तीस हजार. पोराच्या घरात नुकताच वेचलेला वीस क्विंटल कापूस होता. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी ७,०२० होता आणि त्याचे वडील, मी त्यांना काका म्हणतो, भाव वाढायची वाट बघत होते. त्यांनी तो मिळेल त्या भावाने खाजगी व्यापाऱ्याला घातला. टेम्पो भरताना मी तिथे होतो. काकांनी मला एकच विचारलं, “लेकरा, ते बटण तू लिव्हलंस म्हणतेत, खरं हाय का?”

मी हो म्हणालो.

  

आमच्या जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या कोड लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी म्हणून पुढचं लिहितोय. तुम्हालाही टेलिग्रामवर कुणीतरी गाठेल. ‘बॉट बनवून दे, चाळीस हजार देतो, पैसे तू थोडीच लावणार आहेस.’ मला असे निरोप आले आहेत. आपल्याकडे एक्स्चेंज म्हणून ज्या आयडी वाटल्या जातात, त्या बहुतेक ठिकाणी नुसती पॅनेलं असतात. भाव परदेशातल्या एक्स्चेंजचा दाखवतात, पण समोर दुसरा पंटर नसतो, पॅनेलवाला स्वतःच असतो. तुमचा सौदा कधी घ्यायचा आणि कधी अडकवायचा हे त्याच्या हातात. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशाच ॲपवर ५८ कोटी गमावल्याची तक्रार केली. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं निघालं. अशा ठिकाणी तुमचा कोड कितीही अचूक असला तरी खेळणाऱ्याला वाचवू शकत नाही. त्याच्या मनात फक्त विश्वास तयार होतो, आणि एजंटला तेवढंच हवं असतं. ‘इंजिनिअरनं बनवलंय’ हे वाक्य त्याने माझ्याकडून फुकट नेलं.

परवान्यात एक ओळ घालून हे थांबवता येईल, असं मलाही वाटलं होतं. येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांतलं पहिलंच, ज्याला ते शून्य क्रमांक देतात, प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं आहे. सट्ट्यासाठी वापरू नका असं लिहिलंत तर तो परवाना मुक्त राहत नाही, आणि लिहूनही एजंट तो वाचत नाही. ‘जसं आहे तसं, कुठलीही हमी नाही’ हे कलम कोर्टात तुमच्या बाजूने बोलेल कदाचित. काकांसमोर माझ्या बाजूने ते काही बोललं नाही.

कायद्याचंही नीट समजून घ्या. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा होताच. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण असा खेळ पुरवायला मदत करायलाही मनाई आहे. त्यामुळे ‘मी फक्त कोड लिहिला’ या वाक्यावर विसंबू नका. काम नाकारताना लेखी नाकारा आणि तो निरोप जपून ठेवा.

आधीच काही ठेवलं असेल तर आजच काढा, पण काढलं म्हणजे संपलं असं धरू नका. गिटहबवर मूळ प्रकल्प पुसला तरी लोकांनी केलेल्या प्रती तशाच राहतात. परदेशात, जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या, कुणासाठी लिहीत असाल तर ते त्या माणसाला द्या, साऱ्या जगाला नको. आणि पैशाचा आकडा दाखवणारं काहीही लिहा, बाजार समितीचं का असेना, मागितलेलं आणि मिळालेलं वेगळ्या रंगात दाखवा. पक्कं झाल्याचं उत्तर येईपर्यंत हिरवा रंग वापरू नका.

पोराला परत उभं करताना मी एक नवा प्रोग्राम लिहिला, खोट्या पैशांचा. त्यात दहा सामन्यांत प्रत्येकी २५० जिंकायचे आणि दहांत प्रत्येकी २५० हरायचे. हिशेब बरोबरीत सुटायला हवा. पाच टक्के कमिशन घातलं की १२५ रुपये जातात. त्यात उशीर मिसळला की आकडा आणखी खाली जातो. तो स्वतः आकडे बदलून तासभर बघत बसला. मी समजावलेलं त्याला कधी पटलं नव्हतं, हे पटलं. तरी रात्री त्याला झोप लागेना, तेव्हा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरात असं कुणी असेल तर वसुलीवाला दारात येण्याची वाट न बघता तो नंबर फिरवा. फसवून पैसे नेले असतील तर १९३० वर तक्रार करा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

माझ्या प्रोग्रामच्या प्रती मी आता शोधत असतो. ‘हिशोब बसवा’ हे शब्द टाकले की लगेच सापडतात, कारण माझ्या माहितीत दुसऱ्या कुणी ते बटणावर लिहिलेले नाहीत. अकरा सापडल्या. प्रत्येकाला मी फायनलच्या रात्रीची गोष्ट लिहून पाठवली, काकांच्या कापसासकट. चौघांनी प्रत काढून टाकली. त्यातल्या एकाने कळवलं की त्याच्या भावाचंही असंच झालं होतं. उरलेल्या सात जणांना या आठवड्यात पुन्हा लिहितोय.