रोल धुताना

उमरीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत डार्करूम: फटींना काळं कापड, एक लाल दिवा, तीन ट्रे. तिथं शिकलो ते लिहून ठेवतो.

१. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. उजेड पडला की एखाद्या कणात चांदीचे चारेक अणू एका जागी जमतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण डेव्हलपर तोच ठिपका धरून अख्ख्या कणाची, म्हणजे अब्जावधी अणूंची, काळी चांदी करतो. गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये याचा उलगडा केला. म्हणून नवरदेवाच्या फेट्याखाली उजेड पोचलाच नसेल, तर रोल कितीही वेळ डेव्हलपरमध्ये ठेवा, डोळे यायचे नाहीत.

२. लाल दिवा कागदाला चालतो, फिल्मला नाही. सिल्व्हर ब्रोमाइडला मुळात निळा उजेडच लागतो, लाल प्रकाशात तेवढी ताकद नसते. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी त्यात रंगद्रव्य मिसळून त्याला दुसरे रंगही ओळखायला लावले, आणि त्याच वाटेनं पुढं लालही टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली. एका घरातून जुनी काचेची निगेटिव्ह आली होती. आजीच्या कपाळावर काच अगदी कोरी. प्रिंट काढली तर कुंकू काळंभोर, आणि निळं लुगडं पांढुरकं. घरचे घाबरले. त्यांना समजावलं, कुंकू लालच होतं, प्लेटला लाल दिसत नव्हतं.

३. मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आणि डेव्हलपर हवा २० अंशांवर. एकदा तसाच रोल धुतला. जिलेटिन फुगून कडेला सुरकुतलं, बारशाचे सगळे फोटो गेले. मग ट्रे बर्फाच्या घमेल्यात ठेवायला लागलो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो.

४. रीळ अंधारात चाचपून भरावं लागतं. त्यात माझ्यापेक्षा बायकोचा हात सराईत. दादासाहेब फाळक्यांच्या फिल्मला भोकं पाडायचं कामही त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीच उचललं होतं.

५. लग्नात पुतण्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. मी रडकुंडीला आलो, तरी रोल धुतला. वरच्या वेढ्यांवरची पाठवणी जळाली, आतल्या वेढ्यांतली हळद शाबूत निघाली. रोल फेकायची घाई करू नये.

६. फोटो पक्का करायला वापरलेला हायपो नीट धुवून काढा. पाण्याची टंचाई असेल तर ट्रेचं पाणी पुन्हा पुन्हा बदला, पण धुवा. नाहीतर काही वर्षांत फोटो पिवळा पडतो.

७. दुकान बंद करायच्या वर्षी एक शेतकरी मामा ट्रंकेत सापडलेला, न धुतलेला रोल घेऊन आले. कित्येक वर्षांचा. जुन्या फिल्मवर धुकं चढतं, म्हणून डेव्हलपरमध्ये चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड जास्त टाकलं. बारापैकी सात फोटो आले, सगळे पोळ्याचे. ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. मामा शिंगांच्या वळणावरून बैलांची नावं सांगत होते.