मानवशास्त्राला प्रवेश घेताय? आधी क्रेडिटचा हिशेब मांडा

निकाल लागले की विभागाच्या दारात माणसं जोडीने येतात. पुढे मुलगी, मागे वडील. मुलीचं ठरलेलं असतं. वडिलांनी 'मानवशास्त्र' हा शब्द आदल्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलेला असतो. खुर्चीत बसता बसता ते विचारतात, "मॅडम, हे समाजशास्त्रच ना?" आणि उत्तराची वाट न पाहता, "याला नोकरी लागते का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर दुसऱ्याचं निम्मं उत्तर त्यातच मिळतं. मानवशास्त्राच्या चार शाखा आहेत: जैविक, सामाजिक-सांस्कृतिक, पुरातत्त्वीय आणि भाषिक. एकाच वर्गात सकाळी हाडांची मापं घ्यायला शिकवतात आणि दुपारी नातेसंबंधांच्या आकृत्या काढायला लावतात. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत चालतं आणि उत्तरेत निषिद्ध का, याचा पद्धतशीर शोध इरावती कर्वे यांनी घेतला. त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ साली आला. ज्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवत होत्या, तिथल्याच पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांबरोबर त्या गुजरातेत लांघणजच्या उत्खननातही होत्या. एकाच बाईने नात्यांचाही अभ्यास केला आणि मातीही उकरली. हा विषय एवढा रुंद आहे, आणि म्हणूनच इथे वाट चुकणंही सोपं आहे.

महाराष्ट्रात पदवीला हा विषय मोजक्याच महाविद्यालयांत आहे. त्यामुळे एम.ए.-एम.एस्सी.च्या वर्गात प्राणिशास्त्राची, इतिहासाची, कधी बी.ए.एम.एस. झालेली मुलं शेजारी शेजारी बसतात. पहिल्या सत्रात एकाला जनुकशास्त्र जड जातं, दुसऱ्याला सिद्धान्त. इथे घाबरून "मला जमणारं तेवढंच घेते" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. सल्लागार शिक्षकांची पहिली भेट याच टप्प्यावर व्हायला हवी. बहुतेकांची ती होते शेवटच्या सत्रात, प्रकल्पावर सही घ्यायला.

आता हिशेब. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची झाली, म्हणजे सत्राला २२. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास तासिका किंवा ३० तास प्रात्यक्षिक. या ८८ पैकी संशोधनपद्धतीला ४, दुसऱ्या सत्रातल्या प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४ आणि दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला ४ अधिक ६, म्हणजे १०. एकूण १८. पालकांना हे आकडे किरकोळ वाटतात. "मुख्य विषय महत्त्वाचे, प्रकल्प काय, होऊन जातो," असं मला कित्येकदा ऐकवलं गेलं आहे. माझं मत नेमकं उलट आहे. बाकीच्या ७० क्रेडिटमध्ये तुमची मुलगी वर्गातल्या इतर मुलांसारखीच असते. या १८ क्रेडिटमध्ये ती काय करते, कुठे जाते, कोणता प्रश्न हाती घेते, यावरून पुढे तिला कोण बोलावणार ते ठरतं.

एक विद्यार्थिनी प्राणिशास्त्रातून आली होती. तिने नंदुरबारच्या अंगणवाड्यांत मुलांच्या वाढीवर प्रकल्प केला. दंडघेर मोजायची पट्टी ती पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात वापरायला शिकली होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल, तर ते तीव्र कुपोषित मानलं जातं. अंगणवाडी सेविका रोज याच मापावर काम करतात. पण ही मुलगी मापापाशी थांबली नाही. घरात जेवायला कोण आधी बसतं, आई कामासाठी स्थलांतर करते तेव्हा मूल कुणाजवळ राहतं, हेही तिने लिहून घेतलं. जैविक आणि सांस्कृतिक अशी दोन्ही अंगं एका वहीत आली. आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने मुलाखतीत तिच्याकडे गुणपत्रिकेआधी ती वही मागितली.

याउलट एक मुलगा. हुशार, वाचणारा. त्याने सोयीचा म्हणून घराजवळचा विषय घेतला, प्रश्नावली वाटली, भरून आणली, टक्केवारी काढली. उत्तीर्ण झाला. दोन वर्षांनी भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाची जाहिरात घेऊन तो माझ्याकडे आला. ही १९४५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. मुख्यालय कोलकात्यात, एक विभागीय केंद्र आपल्या नागपुरात. तिथे शारीरिक आणि सांस्कृतिक मानवशास्त्रज्ञांची पदं वेगळी असतात आणि पात्रताही वेगळी. त्याने हवे ते ऐच्छिक विषय निवडलेच नव्हते. त्याला वेळेवर कुणी सांगितलं नाही, आणि यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

म्हणून पहिल्याच सत्रात सल्लागाराला विचारा: माझ्या डोळ्यांसमोर जे पद आहे, त्याच्या जाहिरातीत नेमकं काय लिहितात? ऐच्छिक विषय त्यावरून निवडा. पण चारही शाखांची पायाभूत तयारी सोडू नका. नेट या पात्रता परीक्षेच्या मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात सगळं येतं. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेणारी मुलं पुष्कळ आहेत. २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि पहिल्यात उत्क्रांतीपासून जनुकशास्त्रापर्यंत सारं विचारतात. पीएच.डी.साठी पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी करणाऱ्यांनी ७५ टक्के ही संख्या लक्षात ठेवावी. संशोधनासह ऑनर्स आणि पदवीनंतर थेट पीएच.डी., दोन्हींसाठी तीच अट आहे. बाहेरच्या राज्यात जायचं असेल तर आधी बारावीचे विषय तपासा. दिल्ली विद्यापीठाच्या बी.एस्सी. ऑनर्सला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. क्रेडिट बँकेचं खातं डिजिलॉकरशी जोडून ठेवा, म्हणजे विद्यापीठ बदललं तरी जमा क्रेडिट वाया जात नाहीत.

क्षेत्रकार्याबद्दल पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, काळजी वाटते. ती रास्त आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. सोबत कोण शिक्षक आहेत, मुक्काम कुठे, गावात ओळखीची संस्था आहे का, हे जरूर विचारा. विभागाने त्याची लेखी माहिती द्यायलाच हवी. पण मुलीला क्षेत्रकार्यातून वगळा असं मात्र सांगू नका. जानेवारी १९९१ मध्ये अंदमानात बाहेरच्यांशी संपर्क टाळणाऱ्या सेंटिनली लोकांशी शांततेने भेट झाली, त्या पथकात मधुमाला चट्टोपाध्याय ही भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाची संशोधक होती. कलकत्ता विद्यापीठात मानवशास्त्र शिकलेली मुलगी ती.

राहिला नोकरीचा प्रश्न. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार एक कोटीहून अधिक आदिवासी राहतात. कातकरी, कोलाम, माडिया गोंड हे तीन विशेष असुरक्षित समूह आपल्याकडे आहेत. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सिकलसेल, वनहक्क, पेसा (आदिवासी भागांतला ग्रामसभेचा कायदा), विस्थापन या सगळ्या कामांत लोकांशी बोलता येणारी आणि मोजमापही येणारी माणसं लागतात. पगार आयटीएवढे नाहीत, पहिली दोन-तीन वर्षं कंत्राटी कामांत जातात. हे मी मुलांसमोरच पालकांना सांगते. घरचं कर्ज फेडायचं असेल, तर प्रवेशाआधीच यावर घरात उघडपणे बोलणं व्हावं.

प्रवेशाच्या दिवशी फी भरण्याआधी विभागातून संपूर्ण अभ्यासक्रमाची प्रत मागून घ्या. घरी जाऊन आई-वडील आणि मुलगी अशा तिघांनी मिळून ती वाचा, संशोधनपद्धती आणि प्रकल्पांच्या १८ क्रेडिटखाली पेनने रेघ मारा आणि पहिल्याच आठवड्यात सल्लागार शिक्षकांना भेटायची वेळ ठरवा. आम्ही विभागात असतो. या.