ख्रिस्ती शाळेंत मूल घालण्यापूर्वीं

दरवर्षीं प्रवेशाचे दिवस आले म्हणजे अनेक पालक आमच्यासारख्या शाळांच्या दारीं येतात. शिस्त चांगली, इंग्रजी चांगलें, निकाल चांगले, एवढें ऐकून त्यांचें समाधान होतें, व अर्जाच्या शेवटीं सही करून ते मोकळे होतात. त्या सहीचा अर्थ काय, हें मात्र फारच थोडे विचारतात. तो अर्थ उघड करून सांगणें हें आम्हां शिक्षकांचें कर्तव्य आहे, असें समजून आम्ही हा लेख लिहीत आहों. आमच्या विद्यार्थ्यांनींहि तो वाचावा; कारण गोष्ट त्यांच्याच मनाची आहे.

आपल्या प्रांतांत मिशनरी शाळांचा इतिहास जुना आहे. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं मुंबईंत शाळा काढली. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. १८४७ सालीं त्यांचें तेथील शिक्षण पुरें झालें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं पुण्यांत मुलींची शाळा उघडली. मिशनच्या शाळेंत शिकूनहि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं आपला मार्ग आपणच शोधला.

ह्या इतिहासाला दुसरीहि बाजू आहे, व ती लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. १८३९ सालीं विल्सनसाहेबांच्या शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि पुष्कळ पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढून घेतलीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन उघडलें व पुढें तें पुण्यास नेलें. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील, असें ठरलें होतें. परंतु बाईंच्या खासगी प्रार्थनेला कांहीं मुली बसतात, हें बाहेर कळतांच मोठा गवगवा झाला. आपण कोणावर सक्ति करीत नाहीं, असें बाईंचें म्हणणें होतें. पालकांस मात्र ती गोष्ट तटस्थपणाला सोडून वाटली. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले, व कित्येक मुलींस त्यांच्या घरच्यांनीं परत नेलें. ‘तटस्थ’ ह्या एका शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांनीं निरनिराळा धरला होता; नुकसान झालें तें त्या मुलींच्या शिक्षणाचें.

आज हा प्रश्न केवळ परस्परांच्या विश्वासावर सोडलेला नाहीं. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें तिसाव्या कलमांत अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. त्याच घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाच्या तिसऱ्या भागाप्रमाणें, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणासहि त्याच्या संमतीवांचून धर्मशिक्षण घ्यावयास किंवा उपासनेस हजर राहावयास लावतां येत नाहीं. विद्यार्थी अज्ञान असल्यास ती संमति पालकांची लागते. म्हणजे मुलाच्या वतीनें होय किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकार पालकांच्या हातीं आहे. ‘शाळेचे सर्व नियम मान्य आहेत’ अशा ओळीखालीं न वाचतां सही केली, तर शाळा त्यालाच संमति समजण्याचा संभव असतो. ह्यास्तव सहीपूर्वीं पालकांनीं चार गोष्टी अवश्य विचाराव्या.

पहिली गोष्ट प्रार्थनेची व धर्मशिक्षणाची. कित्येक कॅथॉलिक शाळांत कॅथॉलिक मुलांस धर्मशिक्षण देतात व त्याच तासाला इतर मुलांस नीतिशिक्षण देतात. कोठें सकाळची प्रार्थना सर्वांची एकत्र होते. आपल्या शाळेची रीति कोणती? एखाद्या मुलास सूट मिळाली, तर त्या वेळांत तें कोठें बसेल व त्याच्यावर लक्ष कोण ठेवील?

दुसरी गोष्ट पैशाची. शाळा अनुदानित कीं विनाअनुदानित, हें प्रथम समजून घ्यावें. महाराष्ट्रांत प्रवेशासाठीं सक्तीची देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्यानें बंदी आहे. विनाअनुदानित शाळांस २०११ च्या कायद्याप्रमाणें शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें ठेवावा लागतो. तेव्हां प्रत्येक रकमेची पावती मागण्यास संकोच करूं नये.

तिसरी गोष्ट जागांची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठीं शेंकडा २५ जागा ठेविल्या. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. त्या निर्णयाचा फेरविचार मोठ्या पीठानें करावा, असें मत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं २०२५ सालीं व्यक्त केलें. म्हणून गरीब पालकांनीं ह्या जागांच्या भरंवशावर न राहतां शाळेंत शुल्कमाफी किंवा शिष्यवृत्ति मिळते काय, हें आधींच विचारावें.

चौथी गोष्ट दिसण्यांत लहान, पण भांडणें बहुधा तिच्यावरूनच होतात. कपाळीं कुंकू, हातांत बांगड्या, मेंदी, राखी ह्यांविषयीं शाळेचा नियम काय आहे? सणाच्या दुसऱ्या दिवशीं मुलगी रडत घरीं येण्यापेक्षां, हें प्रवेशाच्या दिवशींच कळलेलें बरें.

ह्या प्रश्नांचीं उत्तरें खरीं, स्पष्ट व शक्य तर लेखी देणें हें शाळेचें काम आहे. जी शाळा मुलांस सत्य शिकविते, तिनें प्रवेशाच्या वेळीं मोघम बोलूं नये. पालकांकडेहि आमचें एक मागणें आहे. शाळेंत हात जोडावयास सांगावें व घरीं त्याच प्रार्थनेची थट्टा करावी, असें करूं नका. दहा वर्षांच्या मुलाला घर व शाळा ह्यांच्यामध्यें लपवाछपवी करावी लागली, म्हणजे तें दोघांशींहि खोटें बोलावयास शिकतें. तुम्ही संमति दिली असेल तर कां दिली, नसेल तर कां नाहीं, हें त्याला समजेल अशा शब्दांत सांगा.

विद्यार्थिमित्रांनो, दुसरा प्रार्थना करीत असतां शांत बसणें ही सभ्यता आहे. त्यानें आपला धर्म जात नाहीं. तसेंच एखादी गोष्ट मनाला पटत नसेल, तर ती गुरुजनांस नम्रपणें सांगणें हा उद्धटपणा नव्हे.

पालकहो, निःसंकोचपणें विचारा. उत्तर पटलें तर निर्धास्त मनानें मूल आमच्या हवालीं करा. न पटलें तर दुसरी शाळा पाहा. त्याचा आम्हांस राग येणार नाहीं.